दीव-सोमनाथचे शांत रस्ते कसे उरले

थंडी सुरू झाली की नाशिकच्या सायकलवाल्यांच्या गप्पांत दीव-सोमनाथ हमखास निघतं. गंगापूर धरणाचा काठ, त्र्यंबकचा रस्ता, दिंडोरी-वणी हे सगळं वर्षभर चाकाखालून गेलेलं असतं. मग कुणीतरी समुद्राचं नाव काढतं. दीव ते सोमनाथ साधारण ८५ किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. त्र्यंबकेश्वराच्या गावातून निघून सोमनाथाच्या ज्योतिर्लिंगापाशी पोचायचं, हा भावही मनात असतोच. जाऊन आलेले सगळे एकच सांगतात: हायवे सोडून गावांकडे वळलं की रस्ता आपलाच. ही शांतता तिथे कशी उरली, हे मात्र फारसं बोललं जात नाही. तिचा उगम तिथल्या दगडात आहे आणि जुन्या संस्थानांच्या हद्दींत आहे. त्यातल्या दोन हद्दी तर थेट आपल्या मुलखाला येऊन भिडतात.

आधी दगड. आपलं नाशिक काळ्या पाषाणाचं. पांडवलेणी, काळाराम, त्र्यंबकेश्वर, सगळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून आलेलं. हाच काळा थर सौराष्ट्रातही बऱ्याच भागात जमिनीखाली पसरलेला आहे. किनाऱ्याच्या पट्ट्यात मात्र त्याच्यावर एक फिकट पिवळसर चुनखडीचा दगड बसलाय. भूवैज्ञानिक त्याला मिलिओलाइट म्हणतात. मिलिओलिड नावाचे एकपेशीय सागरी जीव असतात. त्यांची चुन्याची कवचं आणि शिंपल्यांचा चुरा यांची वाळू साठत गेली आणि त्या वाळूचा हा दगड झाला. हिमयुगांत समुद्र मागे हटला, तळ उघडा पडला आणि वाऱ्याने ती वाळू जमिनीवर उडवून नेली. म्हणूनच समुद्रापासून इतक्या आत असलेल्या जुनागढच्या परिसरातही हा दगड सापडतो. वयाने तो आपल्या पाषाणापुढे अगदी कोवळा, गेल्या काही लाख वर्षांतला.

दीवच्या किल्ल्यात गेलात तर सायकल टेकवून एकदा भिंतीला हात लावा. बोटांना पांढरी पूड लागते. नीट निरखलं तर एकेका चिऱ्यात तिरप्या बारीक रेषा दिसतात, वाळूच्या टेकडीच्या उतारावर थरावर थर बसावेत तशा. वारा कुठल्या बाजूने वाहत होता, ते त्या रेषांच्या कलावरून ओळखता येतं. आपल्या पाषाणात असं काही वाचता येत नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी किल्ला बघायचं विसरून भिंतच बघत बसलो होतो.

हा दगड मऊ, करवतीने कापता येतो. १५३५ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाशी तह करून पोर्तुगीजांनी दीवला किल्ला बांधायला घेतला, तो याच दगडात. जवळच्या नायडा गुंफा म्हणजे किल्ल्यासाठी दगड काढून काढून झालेली पोकळी, असं मानलं जातं. आजही त्या भिंतींवर कापाचे सरळ चौकोनी खण दिसतात आणि वरच्या भोकांतून उन्हाचे झोत खाली येतात. पुढे किनाऱ्यावरचा पोरबंदरी दगड गलबतांनी मुंबईला गेला आणि इंग्रजांच्या काळातल्या मोठ्या इमारतींवरच्या नक्षीकामात बसला. घरांच्या भिंतींसाठी या दगडाचे ठोकळे कापतात, त्यांना तिकडे ‘बेला’ म्हणतात. गावाबाहेर बेलाच्या खाणी लागतात. पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेले पांढरे खड्डे ते. रस्त्याकडेचे बांधही त्याच दगडाचे, आणि बांधांपलीकडे नारळ, केळी, आंबा.

चुनखडी म्हटली की सिमेंट आलंच. पोरबंदरजवळ राणावाव आणि इकडे कोडीनार ही सिमेंटची जुनी केंद्रं. ज्या दगडाने हा मुलूख देखणा केला, त्याच दगडाचे ट्रक इथल्या मोठ्या रस्त्यांवर धावतात. शांत रस्ता हवा असेल तर कोडीनारच्या आसपास नकाशा पाहूनच गावांचे रस्ते धरावे लागतात, हे नव्याने जाणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं.

आता हद्दी, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. स्वातंत्र्याआधी या किनाऱ्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे निघालं तर एवढ्याशा अंतरात चार राजवटी लागायच्या. जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दीचं. होय, आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्याच. ऊना जुनागढच्या नवाबाचं. दीव पोर्तुगीजांचं. कोडीनार बडोद्याच्या गायकवाडांचं, त्यांच्या अमरेली प्रांताचा समुद्रकाठचा तुकडा. तिथून पुढे प्रभासपाटण, म्हणजे सोमनाथाचं गाव, आणि वेरावळ पुन्हा जुनागढचं. तिसरे सयाजीराव गायकवाड जन्मले ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, मालेगाव तालुक्यात, १८६३ साली. १८७५ मध्ये दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर बसले. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरातला तो मुलगा पुढे कोडीनारच्या किनाऱ्याचाही धनी झाला. नाशिकहून सायकल घेऊन जाणाऱ्याने कोडीनारात चहाला थांबताना एवढं आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

राज्यं अशी तुकड्यातुकड्यांत वाटली गेली की किनाऱ्याला धरून जाणारा एकसंध मोठा रस्ता करायची गरज कुणालाच वाटत नाही. हद्द बदलली की जकात बदलायची. माल गलबतांनी समुद्रावरून जायचा. रेल्वे वेरावळहून आत जुनागढ-राजकोटकडे गेली, तर ऊन्याजवळच्या देलवाड्याकडे येणारी मीटरगेज गीरच्या जंगलातून आली. गावागावांमध्ये उरले ते बैलगाडीचे रस्ते, आपल्याकडच्या पाणंदीसारखे, दोन्हीकडे बांध असलेले. पुढे त्यांतल्या कित्येकांवर डांबर पडलं, पण रुंदी तेवढीच राहिली.

दीवची गोष्ट आणखी निराळी. देश स्वतंत्र झाल्यावरही १४ वर्षं ते पोर्तुगीजांकडेच होतं. डिसेंबर १९६१ च्या लष्करी कारवाईत गोवा आणि दमणबरोबर तेही मुक्त झालं. १९८७ मध्ये गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर दमण-दीव वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२० पासून दादरा-नगर हवेलीही त्यात आली. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी ऊना-दीव रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. दीवच्या बेटात सायकल चालवायची तर मधला वार धरावा. नागव्याच्या किनाऱ्यावर फांद्या फुटलेली ताडासारखी झाडं दिसतात, ती होका. ती पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणली असं तिथे सांगतात. त्या झाडांच्या सावलीत पहाटे सायकल लावून बसण्यासारखं दुसरं सुख नाही.

हा किनारा आणि नाशिक काही काळ एकाच राज्यात होते, हेही आता विस्मरणात गेलंय. १ नोव्हेंबर १९५६ ला सौराष्ट्र द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले. साडेतीन वर्षं वेरावळचा आणि नाशिकचा कारभार मुंबईतूनच चालत होता.

शांततेचं अलीकडचं कारण साधं आहे. भावनगरहून सोमनाथ, पोरबंदर करत द्वारकेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५१ रुंद झाला, गावांना बायपास निघाले. लांबचे ट्रक आणि बस तिकडे गेले. गावांतून जाणारा जुना रस्ता दुधाच्या मोटारसायकली, छकडे आणि शाळेच्या पोरांना उरला. त्याच रस्त्यावर आपण सायकल घालतो.

नाशिकहून तिथवर पोचणं पूर्वी फार वळशाचं होतं, खंभातचं आखात पूर्ण फिरून जावं लागायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरतेजवळच्या हजिऱ्याहून भावनगरजवळच्या घोघ्याला रो-रो फेरी, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली आणि सुमारे ३७० किलोमीटरचा रस्ता समुद्रावरच्या ९० किलोमीटरवर आला. म्हणजे दिंडोरी, वणी, सापुतारा करत सुरत गाठायची आणि पुढे बोटीत बसायचं. वणी-दिंडोरीच्या या टापूत तर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांची मोगलांशी लढाई झाली होती. सुरतेशी आपला रस्ता जुनाच आहे.

सोमनाथला पोचल्यावर नव्या मंदिराजवळच अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेलं मंदिर आहे. बरेच जण घाईत ते चुकवतात, तसं करू नका.

दोन गोष्टी जाण्याआधी ध्यानात ठेवा. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि सोमनाथकडे जाताना तो तोंडावर येतो, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत बरंचसं अंतर कापावं. दुसरी गोष्ट पाण्याची. चुनखडी सच्छिद्र असते. शेतीसाठी विहिरींतून उपसा वाढला तसं किनाऱ्यालगत समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकलं आणि कित्येक विहिरी खारट झाल्या. खारं पाणी रोखायला बंधारे झालेत, पण वाटेवरच्या हातपंपाच्या भरवशावर राहू नका. बाटल्या ऊना किंवा कोडीनारलाच भरून घ्या.