उदासिनीकरण

आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होण्याला उदासिनीकरण म्हणतात. द्रावणात खरी घडामोड एकच: आम्लाचा हायड्रोजन आयन आणि आम्लारीचा हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी होते. म्हणूनच तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क (पाण्यात विरघळणारी आम्लारी) कोणतेही घेतले, तरी सौम्य द्रावणात एक मोल पाणी तयार होताना सुमारे 57 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मात्र पाणी तयार व्हायलाच हवे असे नाही. अमोनिया सल्फ्युरिक आम्लात सोडला की थेट अमोनियम सल्फेट मिळते. बडोद्याच्या फर्टिलायझरनगरात तयार होणाऱ्या खतांपैकी हे एक.

समतुल्य बिंदूला, म्हणजे आम्ल आणि आम्लारी नेमके एकमेकांना पुरतात तिथे, सामू (pH) 7 असतोच, हा समज शाळेपासून चिकटतो आणि तो सोडायला हवा. ॲसिटिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा यांची 0.1 मोलर द्रावणे समप्रमाणात मिसळली, तर सामू 8.7 च्या आसपास येतो. त्यामुळे इथे दर्शक म्हणून फेनॉल्फथॅलीन घेतात. मेथिल ऑरेंज फार आधीच रंग बदलून चकवते. अनुमापनात, म्हणजे एका द्रावणात दुसरे मोजून सोडताना, ब्युरेट या मोजनळीतला थेंब पडतो तिथे गुलाबी छटा उमटते, शंकुपात्र हलवताच विरते. समतुल्य बिंदूच्या जवळ आलो की ती रेंगाळू लागते, आणि मग थेंब-थेंबच सोडावा लागतो. घरचा दर्शक म्हणजे हळद: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा.

सयाजीराव गायकवाडांनी 1890 मध्ये बडोद्यात स्थापन केलेल्या कलाभवनात रसायनशास्त्र आणि रंगकाम शिकवले जाई. रंगाऱ्याला ही अभिक्रिया रोजची: सोड्यात उकळलेल्या सुतातला अल्क सौम्य आम्लाने मारल्याशिवाय पुढचे काम नीट होत नाही.

आज बडोद्यात हा विषय सर्वांत निकडीचा आहे तो सांडपाण्यामुळे. नंदेसरीसारख्या औद्योगिक वसाहतींमधले आम्लयुक्त पाणी आधी उदासीन करावे लागते. पण उदासिनीकरणाने आम्लता जाते, क्षार जात नाही. 98 किलो सल्फ्युरिक आम्लाला 74 किलो विरलेला चुना लागतो आणि 172 किलो जिप्सम तयार होते, बहुतेक गाळ म्हणून. चुन्याऐवजी 80 किलो कॉस्टिक सोडा वापरला तर गाळ नाही, पण 142 किलो सोडियम सल्फेट पाण्यात विरघळून राहते. सामू कागदावर 7 दिसतो, पाणी मात्र खारट. ते क्षार काढायचे तर बाष्पीभवन किंवा व्यस्त परासरण करावे लागते, आणि दोन्ही खर्चिक.