डासजन्य विषाणूंचे जनुकीय सर्वेक्षण (मुंबई)

डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका अशा विषाणूंच्या जनुकीय रचनेतील बदल वाचून त्यांचे मूळ, वाटा आणि नवे प्रकार ओळखण्याची पद्धत. रुग्णसंख्येवरून साथ किती पसरली ते कळते. विषाणू बाहेरून आला की शहरातच मुरलेला होता, हे रचनेवरून ठरते. हिवतापही डासांमुळेच होतो, पण त्याचा कारक परजीवी असल्याने तो या नोंदीत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दवाखान्यांत मात्र हे सगळे ताप एकाच रांगेत बसलेले असतात.

या विषाणूंचा जनुकीय ऐवज आरएनए या रेणूच्या साखळीचा असतो, आणि तिचे घटक अक्षरांसारखे मोजतात: डेंग्यूचा सुमारे १०,७०० अक्षरांचा, चिकुनगुनियाचा सुमारे ११,८००. नक्कल होताना चुका राहतात आणि साचत जातात. डेंग्यूत वर्षाकाठी साधारण पाच ते दहा. ज्यांच्या चुका सारख्या, ते जवळचे भाऊबंद. अशा तुलनेतून वंशवृक्ष मांडतात.

याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, मग सुमारे तीन दशके तो जवळजवळ विस्मरणात गेला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा जुनाच विषाणू जागा झाला असे वाटणे स्वाभाविक होते. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील तपासणीत जुने नमुने आशियाई प्रकारचे, तर नवे आफ्रिकी प्रकारचे निघाले. पुणे जिल्ह्यातील यवतचा २००० सालचा एक जपून ठेवलेला नमुनाही आफ्रिकीच होता. म्हणजे पाहुणा साथीच्या पाच वर्षे आधीच दारात येऊन बसला होता!

डेंग्यूचे चार उपप्रकार आहेत. एक होऊन गेल्यावर दुसऱ्याची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणून शहरात कोणता उपप्रकार वरचढ होतो आहे, यावर लक्ष ठेवावे लागते. झिकाचा मुंबईतील पहिला रुग्ण ऑगस्ट २०२३ मध्ये चेंबूरमध्ये आढळला.

चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयातील महापालिकेची जनुकीय क्रमनिर्धारण (अक्षरांचा क्रम वाचणारी) प्रयोगशाळा ऑगस्ट २०२१ मध्ये कोविडसाठी सुरू झाली. क्रम वाचणाऱ्या यंत्राला विषाणू कोणता याचे सोयरसुतक नसते; प्रायमर, म्हणजे हव्या त्या विषाणूचा जनुकीय ऐवज पकडणारे छोटे तुकडे, तेवढे बदलावे लागतात. खरी अडचण नमुन्याची. विषाणू रक्तात साधारण पहिले पाच दिवसच पुरेसा सापडतो, आणि तोवर पुष्कळजण तापाच्या गोळीवर निभावतात. पुढे प्रतिपिंडांच्या चाचणीने निदान होते, पण वाचायला आरएनए उरलेला नसतो.

दुसरी अडचण पत्त्याची. हे विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती डास सहसा काही शे मीटरपलीकडे जात नाही; विषाणूला लांब नेतात ती माणसे. त्यातून हा डास दिवसा चावतो. सकाळच्या लोकलने विरारहून वरळीला येणाऱ्याला लागण घरी झाली की कामावर, हे एकट्या जनुकीय अहवालातून कळत नाही. आजूबाजूचे नमुने आणि कामाचा पत्ताही हाताशी लागतो. कागदावर घरचाच पत्ता असेल तर शोध विरारच्या पाण्याच्या पिंपांपाशी सुरू होतो, आणि वरळीतल्या बांधकामावर साचलेले पाणी तसेच राहते.