कातालान–साबात्ये व्याख्यान पारितोषिक

कातालान–साबात्ये व्याख्यान पारितोषिक : रसायनशास्त्रातील कामगिरीबद्दल स्पेन व फ्रान्स या दोन देशांच्या राष्ट्रीय रसायनशास्त्र संस्थांतर्फे संयुक्तपणे दिला जाणारा बहुमान. स्पॅनिश वर्णपटशास्त्रज्ञ मिगेल कातालान (1894–1957) आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबात्ये (1854–1941) यांच्या नावांनी तो ओळखला जातो. नावाप्रमाणेच व्याख्यान हा त्याचा गाभा आहे. वाईला कृष्णाकाठी भरणाऱ्या वसंत व्याख्यानमालेत समोर सगळा गाव बसलेला असतो. या पारितोषिकाच्या व्याख्यानाचे श्रोते मात्र बहुतांशी त्याच विषयातले जाणकार असतात.

साबात्ये यांचे नाव हायड्रोजनीकरणाशी, म्हणजे एखाद्या पदार्थाच्या रेणूंत हायड्रोजनची भर घालण्याच्या क्रियेशी, जोडलेले आहे. या शोधाच्या उगमाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. म्वासाँ व मुर्यू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1896 मध्ये निकेलच्या ताज्या भुकटीवरून ॲसिटिलीन वायू सोडला, तेव्हा भुकटी तापून लाल झाली. बाहेर पडणारा वायू हायड्रोजनच असावा असे धरून त्यांनी तो बारकाईने तपासला नाही. साबात्ये यांनी पुढे नोबेल व्याख्यानात ही हकिकत सांगितली आहे. त्या दोघांचा हा विषय पुढे नेण्याचा विचार नाही याची खात्री करून घेतल्यावरच त्यांनी तो हाती घेतला. 1897 च्या सुमारास एथिलीन व हायड्रोजन यांचे मिश्रण निकेलवरून नेऊन त्यांनी एथेन मिळवला. या कामात झाँ-बाप्तिस्त साँदराँ हे धर्मगुरू त्यांचे सहकारी होते. 1912 चे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र साबात्ये व दुसरे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ग्रिन्यार यांना विभागून मिळाले. साँदराँ वगळले गेले. कामाची दिशा साबात्ये यांनीच ठरवली होती, असे त्याचे समर्थन केले जाते. मूळ निबंधांवर दोघांची नावे असल्याने शोधाचे श्रेय दोघांना देणे अधिक रास्त ठरेल.

वनस्पती तुपाचे जनकत्वही अनेकदा साबात्ये यांना दिले जाते; ते तितकेसे बरोबर नाही. त्यांची पद्धत वायुरूप पदार्थांसाठी होती. हायड्रोजनीकरणाने द्रवरूप तेल घट्ट करण्याचे पेटंट जर्मनीचे विल्हेल्म नोर्मान यांनी 1902 च्या सुमारास घेतले. सांगलीच्या थंडीत घाण्याचे शेंगदाणा तेल बरणीत पातळच राहते आणि शेजारच्या डब्यातले वनस्पती मात्र चमच्याने उकरून काढावे लागते. हा फरक निकेलच्या साक्षीने तेलाच्या रेणूंत शिरलेल्या हायड्रोजनचा आहे.

साबात्ये 1882 पासून अखेरपर्यंत दक्षिण फ्रान्समधील तुलूझ शहरात राहिले. 1907 मध्ये पॅरिसहून बोलावणे आले, तरी ते गेले नाहीत. राजधानीबाहेर राहून पहिल्या प्रतीचे संशोधन करता येते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचित सापडेल. सांगली-साताऱ्यात विज्ञान शिकणाऱ्यांनी ते अवश्य लक्षात ठेवावे. त्यांच्या पॅरिसबाहेर राहण्यामुळे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला 1913 मध्ये अनिवासी सदस्यांची सोय करावी लागली.

कातालान यांचे काम मँगनीजवरचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात काय किंवा साताऱ्यात काय, क्षार ओळखण्याच्या प्रात्यक्षिकात टाकणखाराचा मणी बर्नरच्या ज्योतीत धरला की मँगनीजने तो जांभळा होतो. एवढे साधे लक्षण असलेल्या या मूलद्रव्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशाचे पृथक्करण केल्यावर दिसणाऱ्या रेषांचा पट्टा, मात्र अत्यंत गुंतागुंतीचा आहे. लंडनमध्ये वर्णपटशास्त्रज्ञ आल्फ्रेड फाउलर यांच्याकडे काम करताना कातालान यांना दिसले की, त्यातील रेषा विखुरलेल्या नसून ठरावीक अंतरांनी बांधलेल्या गटांत पडतात. या गटांना त्यांनी मल्टिप्लेट म्हटले. 1922 मध्ये माद्रिदला आलेले जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्ड यांनी त्यांचे महत्त्व तत्काळ ओळखले, आणि अनेक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंच्या रचनेचा उलगडा करण्यास ते उपयोगी पडले. स्पेनमधील यादवी युद्धानंतर कातालान यांना विद्यापीठातील अध्यासनापासून दूर ठेवण्यात आले. ते त्यांना 1946 मध्ये परत मिळाले.