सकाळी वारा नाही म्हणून परत जाऊ नका
काईट, विंडसर्फ, पॅडलबोर्ड आणि कायाकसाठी येणाऱ्यांना वाऱ्याबद्दल थोडं

हंगामात सकाळी साडेनऊ वाजले की आमचा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला. "माडाची झावळीसुद्धा हलत नाही, आज काईटचा क्लास होणार का?" आम्ही सांगतो, होईल असं दिसतंय, दीडला या. पलीकडे दोन क्षण शांतता. मग विचार होतो की वारा नाहीच तर पणजी तरी बघून येऊ. जेवण लांबतं, खरेदी होते, आणि अडीचला आमच्या मोरजी-आश्व्याच्या किनाऱ्यावर तेरा-चौदा नॉट वारा धरलेला असताना ग्राहक मांडवीच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत असतो. पाचला धापा टाकत पोचतो. काईटच्या पतंगात हवा भरून, दोऱ्या लावून पाण्यात उतरेपर्यंत सूर्य टेकलेला असतो आणि वाराही. तीन दिवसांच्या कोर्समधला एक दिवस असा जातो.

म्हणून हे पत्रक छापलं. नॉट म्हणजे काय, भरती-ओहोटी म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले आठवतात? दोन मार्कांचा प्रश्न होता. आमचा सगळा धंदा त्या दोन मार्कांवर चालतो. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हा मतलई. इथे तो पूर्वेकडून येतो, पहाटे जाणवतो, नऊ-दहाला मरतो. मग ऊन चढतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हा खारा वारा. तो साधारण साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान पश्चिमेकडून सुरू होतो, हळूहळू उजवीकडे वळत वायव्येचा होतो आणि अडीच ते पाच या वेळात सगळ्यात भरात असतो.

एक वारा संपलेला आणि दुसरा सुरू न झालेला, अशा मधल्या तास-दोन तासांत किनारा अगदी मेल्यासारखा असतो. तुमचा फोन नेमका त्या वेळी येतो. ती शांतता वारा नसल्याची खूण नाही. उलट आकाश निरभ्र असेल, ऊन कडक असेल आणि पूर्वेचा वारा वेळेवर पडला असेल, तर आम्ही निवांत चहा घेतो. काळजी वेगळ्या दिवशी वाटते. सकाळपासून ढग असतील, किंवा अकरा वाजून गेले तरी पूर्वेचा वारा हटत नसेल, तर खारा वारा उशिरा येतो, कमी येतो, कधी येतच नाही. किनाऱ्यावरून रांपण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी पहिल्या वर्षी रोज विचारायचो. तो आकाशाकडे न बघताच म्हणायचा, "दनपारां." म्हणजे दुपारी. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

आता मोबाईलबद्दल. "पण ॲपवर तर आठच दाखवतंय" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, तेव्हा आधी विचारतो, आठ काय? ताशी आठ किलोमीटर म्हणजे जेमतेम चार नॉट, त्यात रुमालही नीट फडकत नाही. सेकंदाला आठ मीटर म्हणजे साडेपंधरा नॉट, आमच्याकडचा झकास दिवस. कोल्हापूरचे एक गृहस्थ '७' बघून दोन दिवसांचं बुकिंग रद्द करून गेले. ते सात मीटर होते, म्हणजे साडेतेरा नॉट. त्या दोन्ही दुपारी आमच्या सगळ्या पतंगा हवेत होत्या. सेटिंगमध्ये जाऊन एकदाच 'नॉट' करून ठेवा. आणि हो, काही तक्ते जागतिक वेळ दाखवतात, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. तिथला सकाळी नऊचा रकाना म्हणजे आपली दुपारची अडीच.

दुसरं म्हणजे जागा. तुमचा फोन बहुधा पणजीचं किंवा विमानतळाचं हवामान दाखवतो. विमानतळ आहे ते मोपाचं पठार आणि मोरजी-आश्व्याची वाळू एकाच पेडणे तालुक्यात असली, तरी वारा एक नाही. शिवाय विंडी किंवा विंडगुरूसारख्या वाऱ्याच्या ॲपवर जे आकडे दिसतात ते हवामानाचा अंदाज काढणाऱ्या जागतिक संगणकी मॉडेलांचे असतात, आणि ती मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात. चांगल्यातला चांगला चौकोनही नऊएक किलोमीटरचा. आमचा किनारा ज्या चौकोनात बसतो त्यात निम्मा समुद्र, निम्मी भातशेती आणि डोंगर. खारा वारा हा तर किनारपट्टीचाच खेळ, तो त्या सरासरीत पातळ होतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी प्रत्यक्ष वारा ॲपपेक्षा दोन-चार नॉट जास्त मिळतो, हा आमच्या वहीतला अनुभव. वही तंबूत टांगलेली असते, कोणीही चाळावी. आम्ही रोज बारा, दोन आणि चारला हातातल्या वारामापकाने मोजून लिहितो.

हे दोन-चार नॉट किरकोळ वाटतात, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दहाचे चौदा झाले की ओढ जवळजवळ दुप्पट. म्हणून पतंग किती मोठी लावायची हे आम्ही आदल्या रात्री सांगत नाही. तुम्ही कितीही आग्रह केलात तरी नाही.

वायव्येचा वारा शिकणाऱ्याला चांगला, कारण तो तिरका किनाऱ्याकडे येतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहा, उजव्या गालावर लागेल. पडलात, दोरी गुंतली, तरी वाहत वाहत वाळूवरच येता. याच्या उलट सकाळचा मतलई.

आणि इथे पॅडलबोर्ड-कायाकवाल्यांनी लक्ष द्यावं. सकाळी सातला समुद्र तळ्यासारखा दिसतो. किनाऱ्यालगत माड आणि सुरूची झाडं वारा अडवतात, त्यामुळे काहीच जाणवत नाही. दोन-तीनशे मीटर आत गेलात की पूर्वेचा वारा पाठीला लागतो, बोर्ड आपसूक पुढे पळतो आणि माणसाला वाटतं, वा, काय जमतंय आपल्याला! वळल्यावर कळतं. म्हणून त्या वाऱ्यात आम्ही तुम्हाला खुल्या समुद्रावर नेत नाही, शापोरा नदीत नेतो. तिथेही आधी वाऱ्याच्या विरुद्ध जातो, म्हणजे परतताना दमलेल्या हातांना वारा मदत करतो. पायाची दोरी आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पट्टीच्या पोहणाऱ्यालासुद्धा.

या सकाळच्या फेरीला पावणेसातला या म्हणतो तेव्हा पावणेसातच. सुट्टीवर आलेल्या माणसाला एवढ्या पहाटे उठवणं आम्हालाही आवडत नाही. पण नऊला निघालेली मंडळी साडेअकराला परतत असतात, तेव्हा ऊन डोक्यावर आणि खारा वारा तोंडावर. त्यात भरतीची ओढ मिळाली, विशेषतः अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, तर तासाभराच्या वाटेला दोन तास लागतात. उशिरा आलात तर त्या दिवशीची फेरी छोटी होईल, पैसे तेवढेच. यावरून आमच्याशी वाद झालेले आहेत, पण नियम बदललेला नाही.

वारा चांगला असूनही आम्ही नाही म्हणालो, असंही होतं. दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा इथला वारा न विचारता येतात. हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राने, उंच लाटांचा इशारा दिला, की आमचा तंबू बंद. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीकडे दुपारनंतर काळं दिसायला लागलं, की सगळ्यांना बाहेर काढतो. वळवाच्या ढगाखालचा वारा पाच मिनिटांत दिशा बदलतो, आणि विजा चमकत असताना हवेत पतंग धरणं म्हणजे काय ते सांगायला नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या, फुकट आहे.

कधी यावं? काईट शिकायचं असेल तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. नाताळात येऊ नका. नाताळात गर्दी असते, आम्हाला चार पैसे जास्त मिळाले असते, पण तेव्हा खारा वारा अशक्त आणि उशिरा असतो. दोन दुपारी वाळूत बसून तिसऱ्या दिवशी चिडून जाणारा ग्राहक आम्हाला परवडत नाही. डिसेंबर पॅडलबोर्डसाठी उत्तम. २० मेला आम्ही तंबू काढतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, १ जूनपासून ट्रॉलरसुद्धा ६१ दिवस बंद असतात. पावसाळ्यात समुद्रात उतरवा म्हणून फोन करणाऱ्यांना उत्तर एका शब्दाचं असतं.

पैशांचं असं. निम्मी रक्कम आगाऊ. रोज साडेबाराला आम्ही व्हॉट्सॲपवर कळवतो, त्याआधी विचारलंत तर अंदाज सांगू, निर्णय नाही. तीन वाजेपर्यंत वारा बारा नॉटच्या वर गेला नाही, तर तो दिवस तुमच्या खात्यात राहतो, दोन हंगामांत कधीही वापरा. वारा आला आणि तुम्ही पणजीत होतात, तर मात्र दिवस गेला. काईटच्या कोर्ससाठी मुक्कामात एक दिवस जादा धरा, तीन दिवसांच्या कोर्सला चार रात्री. आणि सकाळ मोकळी जाते म्हणून वाईट वाटत असेल, तर काईटवाल्यांना शापोऱ्यातली सकाळची फेरी आम्ही निम्म्या दरात देतो. परत आल्यावर जेवा, सावलीत पडा, आणि दीडला तंबूत हजर राहा.