व्हर्माँटच्या तळ्यांवर वेकबोटींच्या लाटा: नियम काय आहेत आणि बदलासाठी अर्ज कसा करायचा

अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात तळ्याकाठी तुमचं घर असेल, किंवा दर उन्हाळ्यात तुम्ही तिथे कॅम्प (सुट्टीचं छोटं घर) भाड्याने घेत असाल, तर वेकबोटींच्या, म्हणजे मागे मुद्दाम उंच लाट उठवणाऱ्या मोटरबोटींच्या, लाटांनी किनाऱ्याची माती सुटताना तुम्ही पाहिली असेल. अशा वेळी बोटवाल्याशी भांडत बसण्यापेक्षा सरकारकडे अर्ज करावा. राज्याच्या कायद्यात त्याची वाट फार मोकळी ठेवली आहे. सार्वजनिक पाण्याच्या वापराबद्दल नवा नियम करा, असलेला बदला किंवा रद्द करा, अशी लेखी मागणी करायला एका माणसाची सही पुरते. ती मिळाली की नैसर्गिक संसाधन खात्याच्या सचिवांना तिचा विचार करावाच लागतो.

आधी सध्याचे नियम बघू, कारण बरेचदा नवा नियम लागतच नाही, असलेल्याची अंमलबजावणी हवी असते. राज्याच्या नौकानयन कायद्यानुसार किनारा, पोहणारा माणूस, कनू (वल्ह्याची अरुंद होडी) किंवा दुसरी बोट, बोटी बांधायचा धक्का यांच्यापासून 200 फुटांच्या आत बोटीचा वेग ताशी 5 मैलांपेक्षा कमी ठेवावा लागतो आणि मागे लाट उठू द्यायची नसते. काही मोठ्या पाण्यांना यात अपवाद आहेत. 300 एकरांपेक्षा लहान तळ्यांवर जेट-स्कीसारख्या वाहनांना बंदी आहे.

वेकबोटींसाठी वेगळा नियम 15 एप्रिल 2024 पासून लागू झाला. या बोटींमध्ये बॅलास्टच्या टाक्या असतात. त्यात तळ्याचंच पाणी भरून बोट मुद्दाम जड करतात, म्हणजे मागे सर्फिंग करण्याइतकी उंच लाट उठते. असा खेळ आता ठरावीक पट्ट्यातच खेळता येतो. तो पट्टा सलग किमान 50 एकरांचा हवा, सगळीकडून किनाऱ्यापासून किमान 500 फूट लांब हवा, तिथली खोली किमान 20 फूट आणि रुंदी किमान 200 फूट हवी. राज्यातली जेमतेम 30 तळी या मोजमापात बसली. विलोबी, बोमोसीन, कॅस्पियन ही त्यातली. बाकीच्या तळ्यांवर वेकबोट नेता येते, पण टाक्या भरून लाट उठवता येत नाही. खेळायचा पट्टा नसला तरी बोट जप्त करा असं हा नियम म्हणत नाही, हे तक्रार करण्याआधी समजून घ्यावं.

अंतर आणि खोलीचे आकडे हवेतून आलेले नाहीत. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये या लाटा मोजल्या. साध्या बोटीची लाट 200 फुटांवर जेवढी उरते, तेवढी खाली यायला वेकसर्फ बोटीच्या लाटेला 500 फुटांहून जास्त अंतर लागतं असं त्यात दिसलं. खोलीचा प्रश्न प्रोपेलरचा आहे: पाण्याचा झोत उथळ तळाशी पोचला की गाळ ढवळतो आणि त्यात साचलेला, शेवाळ वाढवणारा फॉस्फरस वर येतो. लून पक्ष्यांचं घरटं तर अगदी पाण्याच्या कडेला असतं, एका मोठ्या लाटेत अंडी वाहून जाऊ शकतात. बऱ्याच वर्षांच्या मेहनतीनंतर 2005 मध्ये लून राज्याच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. ही कमाई घालवून चालणार नाही असं मला मनापासून वाटतं.

आता अर्जाकडे. कायद्यात सहीशिवाय पात्रतेची दुसरी अट नाही. जमीन तुमच्या नावावर हवी असंही नाही. तळ्याच्या संघटनेचा पाठिंबा घ्यायलाच हवा असंही नाही, पण तो असला तर बळ येतं. अर्जात स्वतःचं नाव-पत्ता, तळ्याचं नाव आणि गाव, नेमका कोणता नियम हवा आहे आणि का, हे स्पष्ट लिहावं. "बोटी बंद करा" असं लिहू नये. किती फुटांच्या आत, कोणत्या भागात, कोणत्या प्रकारची बोट, हे सांगावं.

खरी मेहनत सोबतच्या कागदांची आहे. सचिवांना कायद्याने सात गोष्टी पाहाव्या लागतात: पाण्याचा आकार व प्रवाह, काठच्या जमिनीचा वापर, खोली, आधीपासूनचा वापर, ते पाणी कशाकशासाठी योग्य आहे, मासेमारी-नौकाविहार-पोहण्याच्या सोयी, आणि परिसराचं सौंदर्य व तिथली करमणूक. म्हणून खोलीचा नकाशा, किनाऱ्याचे तारखेसह फोटो, लूनच्या घरट्यांच्या जागा आणि काठच्या रहिवाशांची निवेदनं जोडावीत. जुन्या फोटोंची किंमत इथे फार मोठी. कारण नियम जपतात तो 'नेहमीचा वापर', म्हणजे 1 जानेवारी 1993 च्या आधीपासून त्या तळ्यावर नियमितपणे चालत आलेला वापर. कनू, पोहणं, गळ टाकून मासे धरणं तेव्हापासून आहे हे आजोबांच्या अल्बममधूनही दाखवता येतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वापरांमध्ये तंटा असेल तर तो मिटेल असा, पण कमीत कमी बंधन घालणारा उपाय निवडायचा, असं नियमच सांगतात. म्हणून संपूर्ण बंदी मागण्याआधी अंतर, वेळ किंवा जागा वाटून घेऊन का भागणार नाही, याचं उत्तर अर्जातच द्यावं. 'रिस्पॉन्सिबल वेक्स फॉर व्हर्माँट लेक्स' या गटाने मार्च 2022 मध्ये दिलेल्या अर्जात किनाऱ्यापासून 1,000 फूट अंतर मागितलं होतं. हातात आलं 500 फूट, तेही दोन वर्षांनी.

अर्ज मिळाल्यावर खात्याला 30 दिवसांत दोनपैकी एक करावं लागतं: नियम करण्याची प्रक्रिया सुरू करणं, किंवा कारणं लेखी देऊन नकार. प्रक्रिया सुरू झाली तर मसुदा प्रसिद्ध होतो, जनसुनावणी होते, लेखी हरकती घेतल्या जातात आणि मग विधिमंडळाची प्रशासकीय नियम समिती तो तपासते. सुनावणीला स्वतः जाऊन बोलावं. बोटवालेही येतात आणि तयारीनिशी येतात. नकार आला तर त्यातली कारणं नीट वाचावीत. पुढच्या अर्जाला कोणता पुरावा कमी पडला हे त्यातच कळतं.

वेकबोट तुमचीच असेल तर तुमच्यासाठी वेगळं काम आहे. त्या वर्षासाठी बोटीचं मुक्कामाचं तळं ठरवावं लागतं. दुसऱ्या तळ्यात उतरण्याआधी, आणि तिथून परत येण्याआधीही, मान्यताप्राप्त केंद्रात बोटीचं शुद्धीकरण करून घ्यावं लागतं. बॅलास्टच्या टाक्या कधीच पूर्ण रिकाम्या होत नाहीत, आणि उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं दुसऱ्या तळ्यात पोचू शकतात.