प्राचीन कांस्य अंगठी : ओळख आणि वर्णन

तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची, म्हणजे कांस्याची (ब्राँझची), प्राचीन काळात घडवलेली अंगठी. संग्राहकाकडे ती बहुधा हिरवी पडलेली आणि सापडल्या जागेची माहिती हरवलेली अशी येते. त्यामुळे 'रोमन' किंवा 'बायझंटाइन' (पूर्व रोमन साम्राज्यातील) असे नाव देण्याची घाई न करता आधी तिचे वर्णन लिहावे. नाव चुकले तर पुढे दुरुस्त होते; न नोंदवलेली खूण मात्र घासूनपुसून गेली की गेलीच.

धातूचे नावही जपूनच लिहावे लागते. प्राचीन ओतकामात शिसे मिसळत, आणि रोमन काळात पितळही वापरात होते. गंज चढल्यावर कांसे आणि पितळ नजरेने वेगळे ओळखणे अवघड. म्हणून अनेक संग्रहालये 'ताम्र-मिश्रधातू' एवढेच लिहितात. क्ष-किरण प्रतिदीप्ती (एक्सआरएफ) या चाचणीने घटक कळतात, पण ती वरवरचा थर मोजते आणि गंजातले प्रमाण आतल्या धातूसारखे नसते. कार्बन-१४ पद्धतीने धातूचा काळ ठरत नाही.

हाती आलेली वस्तू बोटातलीच आहे का, हेही तपासावे. घोड्याचा साज, पट्टे, साखळ्या यांतही अशाच कड्या असत. साध्या कड्यांना विक्रेते सर्रास 'केल्टिक कडी-नाणे', म्हणजे प्राचीन युरोपातल्या केल्ट लोकांचे कडीच्या आकाराचे चलन, म्हणतात. स्थळाचा पुरावा नसेल तर हे नाव टाळलेलेच बरे. प्रौढाच्या अंगठीचा आतील व्यास साधारण १५ ते २२ मिमी भरतो.

काही प्रकार मात्र चटकन ओळखू येतात. रोमन किल्ली-अंगठीच्या वळ्यातूनच लहान पेटीची किल्ली निघते. बायझंटाइन अंगठीच्या सपाट माथ्यावर अनेकदा क्रूस किंवा नावातल्या अक्षरांची गुंफण (मोनोग्राम) कोरलेली असते. तिरंदाजाच्या अंगठ्यातल्या वळ्याला एका बाजूला जिभेसारखा भाग पुढे आलेला असतो. मुद्रेच्या अंगठीवरची अक्षरे उलटी कोरतात, म्हणजे ठसा सुलटा उमटतो.

खरेपणाची परीक्षा गंजात असते. जमिनीत शतकानुशतके राहिलेल्या कांस्यावर धातूलगत तांबूस क्युप्राइट (तांब्याचे ऑक्साइड) आणि त्यावर हिरवा मॅलाकाइट (तांब्याचे कार्बोनेट) असे थर बऱ्याचदा दिसतात, आणि ते धातूतूनच वाढलेले असतात. बनावट हिरवा रंग नुसता वर बसतो. काही वेळा ॲसिटोनच्या बोळ्यानेही सुटतो. दोन अंगठ्यांवर तेच खड्डे त्याच जागी असतील, तर दोन्ही एका साच्यातल्या समजाव्यात. वळे झिजलेले पण माथ्यावरच्या रेषा करकरीत, हेही संशयास्पद.

तारेचा ब्रश आणि आम्ल यांनी या वस्तूंचे जेवढे नुकसान होते, तेवढे टाळता येण्याजोगे दुसरे नुकसान नाही. मूळ पृष्ठभाग आणि कोरीव रेषा पुष्कळदा गंजाच्या थरातच टिकून असतात. थर काढला की नक्षीही जाते. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसू लागली तर तो 'कांस्यरोग' : धातूतली क्लोराइडे ओलाव्याने पुन्हा जागी झालेली असतात. अशी अंगठी सिलिका जेलसह कोरड्या, बंद डबीत ठेवून जतनतज्ज्ञाला दाखवावी.

नमुन्यादाखल नोंद अशी : 'अंगठी, ताम्र-मिश्रधातू, ओतीव. वळ्याचा छेद अर्धगोल, मागील बाजू झिजून पातळ. माथा अंडाकृती, ११ × ९ मिमी. त्यावर कोरलेली उभी मानवाकृती, डाव्या हातात अस्पष्ट वस्तू (वर्णन ठशावरून). आतील व्यास १७.५ मिमी, वजन ४.२ ग्रॅम. गर्द हिरवा थर, कडेला जुनी चीर.' कंसातले दोन शब्द वगळू नयेत, कारण अंगठीवर पाहिल्यास तोच हात उजवा दिसतो.

वर्णनाखाली मालकीचा इतिहास येतो. सांस्कृतिक वस्तूंच्या अवैध व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि वस्तू त्याआधीपासून संग्रहात असल्याची कागदपत्रे संग्रहालये व लिलावगृहे आवर्जून मागतात. जुनी पावती, पाकीट, चिठ्ठी, सारे अंगठीसोबतच ठेवावे.