प्रथिनाच्या घडीत कोण कोणाच्या शेजारी?

कायमोट्रिप्सिन हे स्वादुपिंडात तयार होणारं विकर. अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे करणं हे त्याचं काम. तेही स्वतः एक प्रथिनच, म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या छोट्या रेणूंची साखळी. ही सबंध साखळी दोनशेहून अधिक अमिनो आम्लांची, पण कापाकापीचा मुख्य भार उचलतात ती त्यातली तिघंच: ५७ व्या क्रमांकाचं हिस्टिडीन, १०२ व्या क्रमांकाचं अॅस्पार्टिक आम्ल आणि १९५ व्या क्रमांकाचं सेरीन. नुसते क्रमांक पाहिले तर या तिघांचा एकमेकांशी संबंध असेल अशी शंकाही येणार नाही. साखळीची घडी पडते तेव्हा मात्र तिघं एकमेकांना खेटून बसतात. अॅस्पार्टिक आम्ल हिस्टिडीनला नीट धरून ठेवतं, हिस्टिडीन सेरीनकडचा प्रोटॉन ओढून घेतं आणि सेरीन समोरच्या प्रथिनाच्या बंधावर चाल करून जातं. तिघांतला एक जरी जागेवरून हलला तरी विकराची धार जाते.

प्रथिनांचा अभ्यास करताना म्हणूनच दोन प्रकारचे शेजारी वेगळे ओळखावे लागतात. एक साखळीतला शेजारी, दुसरा घडीतला. पहिला जनुकात लिहिलेला असतो, तो वाचणं आता सोपं झालं आहे. दुसरा शोधावा लागतो.

साखळीत गुंफलं जाताना अमिनो आम्लांमधून पाण्याचे रेणू निघून जातात. प्रत्येकाचा जो भाग साखळीत उरतो, त्याला अवशेष म्हणतात. दोन अवशेष ‘संपर्कात’ आहेत असं कधी म्हणायचं? अणूंच्या जगातलं माप अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एक रूढ पद्धत अशी: प्रत्येक अवशेषाची जी शाखा मुख्य साखळीतून फुटते, तिच्यातला पहिला कार्बन (बीटा कार्बन) घ्यायचा आणि दोन अवशेषांचे असे कार्बन ८ अँगस्ट्रॉमच्या आत असतील तर संपर्क धरायचा. ग्लायसीनला अशी शाखाच नसते, म्हणून तिथे मुख्य साखळीतला अल्फा कार्बन चालवून घेतात. दुसरी पद्धत हायड्रोजन वगळून सगळे अणू तपासते आणि दोन अवशेषांचे कोणतेही दोन अणू साडेचार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत आले की नोंद करते.

या दोन पद्धतींची उत्तरं नेहमी जुळत नाहीत. आर्जिनीनची शाखा लांबलचक असते आणि तिच्या टोकाला धन भार असतो. ग्लुटामिक आम्लाच्या शाखेच्या टोकाला ऋण भार. ही दोन टोकं एकमेकांना घट्ट धरून असतील, तरी त्यांचे बीटा कार्बन ८ अँगस्ट्रॉमच्या पलीकडे असू शकतात. अशा वेळी पहिली पद्धत एक महत्त्वाचं नातं गाळून टाकते. उलट, शाखा विरुद्ध दिशांना वळलेल्या असूनही बीटा कार्बन जवळ असले, की ती नसलेलं नातं जोडते. म्हणून कोणत्याही विश्लेषणात मी आधी विचारतो की संपर्काची व्याख्या काय घेतली आहे. साखळीत लागून असलेल्या दोन अवशेषांचे अल्फा कार्बन तर बहुधा ३.८ अँगस्ट्रॉमवरच असतात, त्यांचा संपर्क मोजण्यात काही अर्थ नाही. ती जोडी, आणि बऱ्याचदा जवळपासच्या आणखी काही जोड्या, आधीच बाजूला काढतात.

‘जवळ’ म्हणजे किती, हा प्रश्न या शास्त्रात जुना आहे. १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी त्वचा आणि हाडांमधल्या कोलॅजेन या प्रथिनाची तीन पदरी रचना मांडली. त्यांच्या सुधारित रचनेवर फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला की काही अणू एकमेकांच्या फार जवळ आले आहेत. रामचंद्रन यांनी तो आक्षेप पुढच्या कामाचा पाया केला. बंधाने न जोडलेले अणू प्रत्यक्षात किती जवळ येतात, हे त्यांनी ज्ञात स्फटिकरचनांमध्ये तपासलं आणि दोन मर्यादा ठरवल्या, एक सामान्य आणि एक टोकाची. दोन कार्बन अणूंसाठी त्या ३.२ आणि ३.० अँगस्ट्रॉम होत्या. या मर्यादा न मोडता साखळी कोणकोणत्या कोनांत वळू शकते, याचा हिशेब रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. तोच रामचंद्रन आलेख. आजही प्रथिनाची नवी रचना हाती आली की तिची तपासणी या आलेखावर होते. कोणते संपर्क अशक्य आहेत, हे आधी कळलं म्हणून शक्य काय आहे ते कळलं.

आता सगळे संपर्क एका कागदावर कसे मांडायचे? मायोग्लोबिन घेऊ. रचना अणूंच्या पातळीवर उलगडलेलं हे पहिलं प्रथिन. १९६० च्या सुमारास जॉन केंड्र्यू यांनी ती उलगडली. त्यात १५३ अवशेष आहेत, म्हणजे जोड्या होतात ११,६२८. एक चौकोनी तक्ता आखायचा, आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना १ ते १५३ क्रमांक घालायचे आणि संपर्कातल्या जोडीच्या घरात ठिपका द्यायचा. हा झाला संपर्क नकाशा. त्यातली बहुतेक घरं रिकामी राहतात, कारण एका अवशेषाभोवती मावतील इतकेच शेजारी असणार. साखळी दुप्पट लांब झाली तर जोड्या सुमारे चौपट होतात, संपर्क मात्र साधारण दुप्पटच.

असा नकाशा वाचायला शिकणं मोठ्या आनंदाचं असतं. मधल्या कर्णाला चिकटून जाड पट्टा दिसला की तिथे अल्फा हेलिक्स, म्हणजे साखळीचा पिळा. पिळ्यात प्रत्येक अवशेष चार घरं पुढच्या अवशेषाशी बांधलेला असतो, म्हणून ठिपके कर्णाजवळच राहतात. कर्णाला समांतर, पण त्यापासून दूर अशी रेघ दिसली तर साखळीचे दोन ताणलेले भाग एकाच दिशेने शेजारी धावत आहेत. रेघ कर्णाला काटकोनात निघाली तर साखळी उलटी वळून स्वतःच्याच शेजारून परत येते आहे. मायोग्लोबिनच्या नकाशात मुख्यतः जाड पट्टेच दिसतात, कारण ते आठ पिळ्यांचंच बनलेलं आहे. कर्णापासून लांब, एकटे-दुकटे वाटणारे ठिपके हे माझे सगळ्यात आवडते. साखळीची दूरची टोकं एकत्र आणून घडीला आकार देतात ते हेच.

लांबचे संपर्क किती आहेत, यावरून घडी पडायला किती वेळ लागेल याचाही अंदाज येतो. प्लॅक्सको, सायमन्स आणि बेकर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की छोट्या प्रथिनांमध्ये संपर्क जितके जवळच्या क्रमांकांतले, तितकी घडी लवकर पडते.

दुसरा प्रश्न आवडीनिवडीचा. २० प्रकारच्या अमिनो आम्लांच्या, एकाच प्रकारच्या दोघांची जोडी धरून, २१० प्रकारच्या जोड्या होतात. सानझो मियाझावा आणि रॉबर्ट जर्निगन यांनी १९८५ मध्ये ज्ञात रचनांमधल्या अशा जोड्या मोजल्या. निव्वळ योगायोगाने जेवढ्या दिसायला हव्यात त्यापेक्षा एखादी जोडी जास्त दिसली, तर त्या दोघांचं पटतं असं मानायचं आणि त्यावरून ऊर्जेचा अंदाज बांधायचा. ल्युसीन, आयसोल्युसीन, फेनिलअॅलानीन ही पाण्याला टाळणारी मंडळी आपापसांत ठळकपणे जास्त भेटतात, दोन लायसीन मात्र सारख्या भारामुळे एकमेकांपासून लांब राहतात. यातही सावध राहावं लागतं. पाणी टाळायचं म्हणून सगळेच गाभ्यात ढकलले गेले, तर तिथे झालेली प्रत्येक भेट खास ओढीतून झाली असं म्हणता येत नाही.

रचना ठाऊक नसताना संपर्क ओळखता येतील का? इथे उत्क्रांती मदतीला येते. दोन अवशेष संपर्कात असतील आणि एक बदलून मोठा झाला, तर जागा करून देण्यासाठी दुसरा लहान होणं प्रथिनाच्या फायद्याचं ठरू शकतं. एकाच प्रथिनाचे हजारो जीवांमधले क्रम एकाखाली एक लावले की असे जोडीने झालेले बदल दिसू लागतात. कल्पना जुनी, पण बराच काळ एका गुंत्यात अडकलेली: अ चा ब शी आणि ब चा क शी संपर्क असला, की प्रत्यक्ष संपर्क नसताना अ आणि क सुद्धा जोडीने बदलल्यासारखे भासतात. २००९ ते २०११ च्या सुमारास प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष नाती वेगळी करणाऱ्या सांख्यिकी पद्धती आल्या आणि हा गुंता बराच सुटला. २०१८ मध्ये अल्फाफोल्ड या, क्रमावरून रचनेचा अंदाज करणाऱ्या संगणक प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीने ‘संपर्क आहे की नाही’ या प्रश्नाऐवजी जोड्यांमधल्या अंतरांचाच अंदाज केला. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीने तर थेट अणूंच्या जागा सांगितल्या. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तर नवी प्रथिनं रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना मिळालं.

एका संपर्काने माणसाच्या आयुष्यात काय उलथापालथ होते, हे सिकल सेल आजारात दिसतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हा एकच फरक शोधून काढला. त्या बदलाने हिमोग्लोबिनची स्वतःची घडी फारशी बिघडत नाही. घात होतो तो बाहेर. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर, ८५ व्या फेनिलअॅलानीन आणि ८८ व्या ल्युसीनपाशी, पाण्याला टाळणारी एक खोबण असते. एका रेणूचं व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या त्या खोबणीत जाऊन बसतं, रेणूला रेणू लागत लांब तंतू बनतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि तिच्यात ८७ व्या जागी थ्रिओनीनऐवजी ग्लुटामीन असतं. ही जागा त्या खोबणीला अगदी लागून आहे आणि तिथलं ग्लुटामीन हा संपर्क जमू देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका जनुकोपचारात रुग्णाच्या रक्त तयार करणाऱ्या पेशींना बीटा साखळीचं जे जनुक दिलं जातं, त्यात मुद्दाम हाच एक बदल केलेला आहे: ८७ व्या जागी ग्लुटामीन.